ठेवीदारास कर्ज का नाकारले जाते? : भाईंदर परिसरातील भूधारणा, तारण आणि बँका

ज्याचे खाते बँकेत वीस-पंचवीस वर्षे विनातक्रार चालले आहे, ज्याच्या ठेवीच्या आधारे बँकेने आपला व्यवहार केला, त्याच गृहस्थाने कर्जासाठी अर्ज केला असता तो नामंजूर व्हावा, ही गोष्ट सामान्य माणसास कृतघ्नपणाची वाटते. अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात तिचे उत्तर एका ओळीत सापडते : परतफेडीची शाश्वती नाही, म्हणून कर्ज नाही. हे उत्तर खोटे नव्हे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाचे समाधान त्याने होत नाही. शाश्वती कशास म्हणावयाचे, ती कोणत्या कागदाने सिद्ध व्हावयाची, आणि तो कागद काहींच्या हाती का असतो व काहींच्या हाती का नसतो, हे प्रश्न स्थळाशी व काळाशी बांधलेले आहेत. साष्टीच्या उत्तर टोकास वसलेल्या मीरा-भाईंदर परिसराच्या संदर्भात त्यांचा विचार करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. येथील नकाराचे मूळ पुष्कळदा अर्जदाराच्या सचोटीत किंवा मिळकतीत शोधून सापडत नाही. ते त्याच्या पायाखालच्या जमिनीवरील हक्कात आहे, असे आमचे मत आहे.

आरंभी साधनांविषयी एक अडचण सांगितली पाहिजे. दिलेल्या कर्जाचा कागद मागे राहतो. गहाणखत होते, त्याची नोंदणी होते, फेरफार पडतो, आणि वसुलीचा दावा झालाच तर न्यायालयाचे दप्तरही तयार होते. नाकारलेल्या कर्जाचे असे काही उरत नाही. अर्जदार खिडकीपाशी चौकशी करतो, शाखाधिकारी मान हलवितो, आणि प्रकरण तेथेच संपते. कित्येकदा अर्जाचा नमुनासुद्धा हाती पडत नाही. रिझर्व्ह बँकेने २००३ साली कर्जदात्यांसाठी उचित व्यवहार संहिता घालून दिली. तीत दोन लाख रुपयांपर्यंतचे कर्ज मागणाऱ्या लहान अर्जदारांना नकाराची मुख्य कारणे लेखी कळवावीत असे सांगितले, आणि २००७ साली ही मर्यादा काढून टाकून सर्व प्रकारच्या कर्जांना तो नियम लागू केला. म्हणजे नकारास लेखी रूप यावयास एकविसावे शतक उजाडावे लागले. त्यापूर्वीच्या काळाविषयी लिहिणाऱ्यास नकाराची कारणे अप्रत्यक्षपणे, जमिनीच्या कायद्यांतून व हक्कनोंदींतून, शोधावी लागतात.

आता 'आपला ग्राहक' या शब्दाचा अर्थ पाहू. इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्‌सने १८४८ साली फोली विरुद्ध हिल या खटल्यात बँक व खातेदार यांच्या नात्याची जी व्याख्या केली, तीच पुढे आपल्याकडेही रूढ झाली. तीनुसार ठेवीदार हा धनको असून बँक ही ऋणको आहे. बँकेने ठेवलेला पैसा बँकेचा होतो; मागणी होताच तो परत करणे एवढेच तिचे ऋण. कर्ज मागावयास गेलेला खातेदार हे नाते उलटे करू पाहतो, आणि पहिल्या नात्यातून दुसऱ्याचा हक्क निर्माण होत नाही. वीस वर्षांच्या ठेवीवरून या माणसाजवळ पैसा होता एवढे बँकेस कळते. उद्या तो नसला, किंवा असूनही देईनासा झाला, तर वसुली कशावर करावयाची, याची माहिती पासबुकात नसते. मुदत ठेवीच्या पावतीवर बँक तत्काळ कर्ज देते याचे इंगित हेच आहे. तेथे ऋणकोचे तारण धनकोच्याच तिजोरीत पडलेले असते, आणि माणसाची परीक्षा करण्याचे कारण उरत नाही.

सावकाराची रीत वेगळी होती. त्यास ऋणको ठाऊक असे. त्याचे पीक, त्याची भावकी, त्याच्या घरातील लग्नकार्ये, सारे त्यास ठाऊक असे. या परिचयाचा त्याने गैरफायदाही मुबलक घेतला, हे १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उसळलेल्या दंग्यांनी जगजाहीर केले. रयतेचा रोख सावकाराच्या घरातील रोख्यांवर होता. ते हिसकावून जाळून टाकणे हाच पुष्कळ ठिकाणी दंग्याचा कार्यक्रम होता. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला आणि न्यायालयास रोख्याच्या मागील व्यवहाराची चौकशी करण्याचा अधिकार मिळाला. त्याचा एक परिणाम कायदा करणाऱ्यांच्या मनात नसावा. गहाणाचा भरवसा कमी झाला, तेव्हा सावकाराने गहाणखताऐवजी खरेदीखत मागण्यास आरंभ केला. संरक्षण जितके वाढले तितके तारण दुबळे झाले. हा विरोध पुढेही वारंवार दिसेल, आणि साष्टीत तर तो फारच ठळक आहे.

साष्टी बेट इंग्रजांनी १७७४ च्या अखेरीस मराठ्यांकडून घेतले. त्यानंतर तेथे निरनिराळ्या सनदांनी व पट्ट्यांनी मोठमोठ्या जहागिऱ्या निर्माण झाल्या. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांतील एक पट्टा महत्त्वाचा आहे. १८७० साली सरकारने भाईंदर, मीरा व घोडबंदर या गावांतील जमिनींसंबंधी रामचंद्र लक्ष्मणजी यांस ९९९ वर्षांचा पट्टा करून दिला. हा मुलूख खाडीकाठचा. भरतीचे खारे पाणी शेतात शिरले की भात गेले. तेव्हा बांध घालून जमिनीचे रक्षण करावे आणि त्याच्या मोबदल्यात कसणाऱ्यांकडून उत्पन्नाचा हिस्सा घ्यावा, अशी ती व्यवस्था होती. पुढे हे हक्क हस्तांतरित होऊन एस्टेट इन्व्हेस्टमेंट कंपनीकडे आले.

या पट्ट्याने तारणाच्या दृष्टीने काय घडले, ते नीट समजून घेतले पाहिजे. जमिनीच्या एकाच तुकड्यावर तीन हक्क एकावर एक बसले. तळाशी सरकार, मध्ये पट्टेदार, आणि वर पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणारा कसणारा. कसणाऱ्याजवळ वहिवाट होती. ती गावाने मानलेली होती, आणि गावातील वाण्याने किंवा सावकाराने त्या वहिवाटीवर चार पैसे दिलेही असते. परंतु दूर मुंबईत बसलेल्या धनकोला वहिवाट दिसत नाही. त्याने मालकीचे कागद मागितले, तर ते कुळापाशी नाहीत. पट्टेदारापाशी जे आहेत त्यांनाही वरून सरकारचा व खालून कुळाचा हक्क चिकटलेला. निर्वेध हक्क, म्हणजे ज्यावर दुसऱ्या कोणाचा बोजा वा दावा नाही असा हक्क, हे बँकेच्या तारणाचे पहिले लक्षण आहे. या तीन गावांत तो कोणाच्याच हाती पूर्णपणे नव्हता.

मिठागरांची कथा याहून निराळी नाही. 'आगर' या शब्दावरून ज्यांचे नाव पडले असे मानतात तो आगरी समाज या किनाऱ्याचा जुना रहिवासी. मिठागरात घाम कोणाचा आणि हक्क कोणाचा, हे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. मीठ पिकते उन्हाळ्याच्या थोड्या महिन्यांत. पावसाळ्यापूर्वी रास झाकून ठेवावी लागते, आणि भाव येईपर्यंत पैसा अडकून पडतो. कर्जाची गरज नेमकी याच वेळी असते. मालाची रास हे एरवी कोणत्याही पेढीला चालणारे तारण. परंतु १९४७ साली मीठकर उठेपर्यंत हा माल मीठ खात्याच्या देखरेखीखाली असे व कर भरल्याखेरीज हलविता येत नसे. ज्या मालावर सरकारचा पहिला हात, त्यावर दुसऱ्याने पैसे कसे द्यावेत? मिठागरांच्या जमिनींवरील केंद्र सरकारच्या मीठ खात्याचा व इतर हक्कदारांचा वाद तर स्वातंत्र्यानंतरही चालत राहिला.

स्वातंत्र्यानंतर या गुंत्यावर कायद्याची कात्री चालविण्यात आली. साष्टीच्या जहागिऱ्यांची जमीनमहसुलाची सूट रद्द करणारा कायदा १९५१ साली झाला. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट कायदा आधीच होता; त्यातील दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला व कूळ हे जमिनीचे मालक मानले गेले. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने याचे मोल कमी लेखण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. तथापि त्याच कायद्याच्या कलम ४३ ने अशा रीतीने मिळालेली जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून विकण्यास किंवा गहाण टाकण्यास मनाई केली. सरकार व सहकारी संस्था यांच्याकडून जमीनसुधारणेसाठी घ्यावयाच्या कर्जापुरती काय ती सवलत ठेवली. कलम ६३ ने शेतकरी नसलेल्यास शेतजमीन विकणे निषिद्ध केले. कुळाच्या हातून जमीन पुन्हा जाऊ नये हा उद्देश स्तुत्य. पण जी वस्तू धनकोस विकता येत नाही, ती त्याच्या लेखी तारण नव्हे. १८७९ चाच अनुभव येथे दुसऱ्या रूपाने परत आला. मालक झाल्यावरही कुळास व्यापारी बँकेचे दार उघडले नाही.

सहकारी चळवळीने ही उणीव भरून काढावी अशी अपेक्षा होती. १९०४ च्या कायद्यामागील कल्पनाच मुळी अशी की, शेजाऱ्यास शेजारी ठाऊक असतो. अमर्याद जबाबदारी अंगावर असल्याने तो दुसऱ्याची पत पारखूनच हमी देईल, आणि सावकाराचे ज्ञान सावकाराच्या लोभावाचून वापरता येईल. कल्पना सुंदर होती. रिझर्व्ह बँकेने गोरवाला यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने, जिच्यात धनंजयराव गाडगीळ हेही एक सदस्य होते, १९५१-५२ ची पाहणी करून १९५४ साली अहवाल दिला. त्यातील आकडे आपल्या विद्यार्थ्यांस तोंडपाठ असतील, तरीही येथे द्यावयास हवेत. शेतकरी कुटुंबांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के, व्यापारी बँकांचा ०.९ टक्का, आणि शेतकरी सावकार व धंदेवाईक सावकार मिळून ६९.७ टक्के. जे थोडे कर्ज सहकारी संस्था देत, तेही बहुधा जमिनीच्या मालकीकडे पाहून देत. म्हणजे शेजाऱ्याच्या ज्ञानाऐवजी त्यांनीही सातबाऱ्याचाच आश्रय घेतला होता. पिकाच्या अंदाजावर कर्ज द्यावे ही समितीची शिफारस याच दोषावर उपाय म्हणून होती.

व्यापारी बँकांचे वर्तन याहून वेगळे असण्याचे कारण नव्हते. पुण्यात १९३५ साली स्थापन झालेली बँक ऑफ महाराष्ट्र लहान व्यापारी व कारखानदार यांच्यासाठी आहे अशी तिच्या संस्थापकांची भूमिका होती, आणि ती त्यांनी बऱ्याच अंशी पाळली. एकंदर देशात मात्र १९६९ पूर्वी शेतीस मिळणारा बँककर्जाचा हिस्सा दोन टक्क्यांच्या आसपास घुटमळत होता. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्याच वर्षी अग्रणी बँक योजना आली, आणि ठाणे जिल्हा बँक ऑफ महाराष्ट्रकडे गेला. १९७५ साली टंडन समितीने तारणाकडे न पाहता उद्योगाच्या गरजेकडे पाहून कर्ज द्यावे अशी दिशा दाखविली. कागदावर हे मोठे स्थित्यंतर होते. शाखेच्या टेबलावर ते कितपत उतरले, याविषयी आम्ही साशंक आहोत.

यानंतर भाईंदरचे रूपच पालटले. १९८५ साली नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका. जनगणनेनुसार १९९१ साली सुमारे पावणेदोन लाख असलेली लोकसंख्या २००१ साली ५ लाख २० हजारांवर आणि २०११ साली ८ लाख ९ हजारांवर गेली. भातखाचरे व मिठागरे यांच्या जागी चार मजली चाळवजा इमारती व पुढे मनोरे उठले. मुंबईत घर न परवडणारा कारकून, शिक्षक, रेल्वेचा नोकर येथे आला. पूर्वेस पोलादी भांड्यांचे लहान कारखाने गाळ्यागाळ्यांतून चालू झाले. हे सारे लोक बँकांचे ठेवीदार झाले. त्यांनी नवी घरे घेतली, पण जमिनीचा जुना गुंता त्या घरांच्या पायाखाली तसाच राहिला. अधिकार अभिलेखांत एस्टेट इन्व्हेस्टमेंट कंपनीचे नाव पुष्कळ ठिकाणी लागलेले होते. बांधकामासाठी तिचे ना-हरकत पत्र मागण्याची वहिवाट पडली, आणि त्यावरून वाद न्यायालयांत गेले. १८७० चा पट्टा असा एकविसाव्या शतकातील सदनिकेच्या शोधअहवालात, म्हणजे बँकेच्या वकिलाने काढलेल्या हक्कतपासणीत, डोके वर काढतो.

त्यात सदनिकेच्या कायद्याची भर पडते. १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्याने इमारतीखालील जमीन गृहनिर्माण संस्थेच्या नावे करून देण्याचे बंधन बांधणाऱ्यावर घातले. असंख्य बांधणाऱ्यांनी ते पाळले नाही. म्हणून २००८ साली दुरुस्ती करून मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतींची गोष्टही तीच. रहिवाशाने किंमत पूर्ण भरलेली असते, कर भरलेला असतो, वीजबिल त्याच्या नावे असते. पण ते घर गहाण ठेवून मुलाच्या शिक्षणासाठी किंवा धंद्यासाठी रक्कम उभी करावी म्हटले की बँकेचा वकील नकारार्थी अभिप्राय देतो. हक्कलेख बँकेत ठेवून गहाण करण्याची सोपी पद्धत मालमत्ता हस्तांतरण कायद्याने मुंबईसारख्या नेमून दिलेल्या शहरांसाठी फार पूर्वीच मान्य केली आहे, आणि लेख त्या शहरात ठेवला म्हणजे पुरे, मिळकत कोठेही असो. तेव्हा भाईंदरच्या घराचा लेख मुंबईच्या बँकेत ठेवण्यास अडचण कधीच नव्हती. अडचण ठेवण्याजोगा लेख असण्याची होती.

गाळ्यातील भांडी-कारखानदाराची स्थिती आणखी चमत्कारिक. गाळा भाड्याचा, माल आज आला व उद्या गेला, आणि व्यवहाराचा मोठा भाग रोखीचा. त्याच्या खात्यावरून रोज पैसा फिरतो, तो बँकेच्या कारकुनास नावाने ओळखतो; तरीही ताळेबंदात दिसेल असे त्याचे उत्पन्न अर्जातील गरजेच्या मानाने थोडे असते. कर चुकविण्यासाठी लपविलेले उत्पन्न कर्ज मागताना उघड करता येत नाही, हे येथे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. सगळ्याच नकारांचे खापर १८७० वर फोडता येणार नाही.

बँकेची बाजूही ऐकली पाहिजे. ती जो पैसा कर्जाऊ देते तो दुसऱ्या ठेवीदारांचा असतो. १९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाली तेव्हा हे देशास चांगलेच उमगले, आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेवविमा सुरू झाला. सदोष हक्काच्या घरावर कर्ज देणारा अधिकारी उदार ठरत नाही. तो शेजारच्या ठेवीदाराचा पैसा धोक्यात घालतो. हा युक्तिवाद बिनतोड आहे, परंतु तो सर्वांना सारखाच लावला गेला असता तर. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध घातले, तेव्हा ठेवीदारास प्रथम केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा राहिली. चौकशीत निघाले ते असे की, बँकेच्या एकंदर कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम एच. डी. आय. एल. या एकाच बांधकाम समूहाकडे गेली होती आणि ती झाकण्यासाठी एकवीस हजारांवर बनावट खाती दाखविली होती. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. मुंबई-ठाण्यातील ज्या लहान खातेदारांकडून बँका एकेक कागद मागून घेतात, त्यांच्याच ठेवी अशा रीतीने एका मोठ्या ऋणकोच्या दारी गेल्या. तारणाची कठोर परीक्षा लहानास आणि ओळखीची सवलत मोठ्यास, हा सावकारी जगाचा उलटा आरसा म्हणावा लागेल. सावकाराची ओळख निदान गरिबाशीही होती.

आणखी एका नकाराचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुढे नेता येत नाही. न्यायमूर्ती सच्चर यांच्या समितीने २००६ साली नमूद केले की, काही बँकांनी मुस्लिम वस्तीच्या भागांना नकारात्मक क्षेत्र ठरविले असून तेथे कर्ज व इतर सोयी सहज मिळत नाहीत. येथे ना माणूस पाहिला जातो, ना त्याचा कागद; केवळ पत्ता पाहिला जातो. मीरा रोडला १९८० च्या आसपासपासून वाढत गेलेले नया नगर ही मुख्यतः मुस्लिम वस्ती असल्याने हा प्रश्न या परिसरास परका नाही. हक्कातील दोष हे कारण आणि वस्तीविषयीचा ग्रह हे कारण, दोन्ही एकाच नकारामागे उभे असू शकतात. आणि पहिल्याच्या आड दुसरे लपते.

२००५ च्या पतमाहिती संस्थांच्या कायद्यानंतर पत अंकांत मोजली जाऊ लागली. ३०० ते ९०० या मोजपट्टीवर ऋणकोचा इतिहास बसविला गेला. ज्याने कधी कर्ज घेतलेच नाही, त्यास या पट्टीवर इतिहासच नाही. आयुष्यभर काटकसर करून ठेव साठविणारा गृहस्थ तिच्यापुढे अनोळखी ठरतो, आणि हप्ते फेडीत राहिलेला उधळ्या ओळखीचा.

संशोधकास यापुढे काय करता येईल, याविषयी थोडे लिहून थांबतो. भाईंदर, मीरा व घोडबंदर येथील जुने फेरफार, कुळकायद्याखालील निवाडे आणि दुय्यम निबंधकांकडील गहाणखतांच्या सूची एकत्र लावल्या, तर गहाण कोणत्या जमिनींवर झाले व कोणत्या जमिनींवर कधीच झाले नाही, हे सर्व्हे नंबरवार दाखविता येईल. ज्या सर्व्हे नंबरांवर ऐंशी वर्षांत एकाही बँकेचा बोजा चढला नाही, तेथून आरंभ करावा.